जुन्या सफारीला दुसऱ्या सालचे दार बसवण्यापूर्वीची तयारी

टाटा सफारी 1998 साली रस्त्यावर आली, 2005 साली डायकॉर नावाच्या डिझेल इंजिनासह तिचे रूप बदलले, 2007 साली 2.2 लिटरचे इंजिन आले आणि 2012 साली सफारी स्टॉर्म ही तिची पुढची आवृत्ती नव्या चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) उभी राहिली. स्टॉर्मपूर्वीच्या गाड्यांची बाह्याकृती दूरून सारखीच दिसत असल्यामुळे भंगारवालाही सांगतो आणि पत्र्याचा कारागीरही सांगतो की कोणत्याही सालचे दार बसेल. पत्रा बहुधा बसतोही. काम अडते ते पत्र्याच्या आत. म्हणून दार विकत घेण्यापूर्वी, ते काढून घेताना आणि बसवताना काय काय हाताशी असावे, ते येथे क्रमाने लिहीत आहे. स्टॉर्मचे दार जुन्या सफारीला लावण्याचा विचार असेल, तर बिजागरीच्या भोकांमधील अंतर, दाराची जाडी आणि काचेच्या चौकटीचा वाक प्रत्यक्ष मोजल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सर्वांत आधी वेळ ठरवावी. गोव्यात हे काम मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागण्यापूर्वी संपले पाहिजे. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, पुट्टी नीट सुकत नाही आणि उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. पावसानंतर करू म्हणणाऱ्यांनी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, ध्यानात घ्यावी. त्या सुमारास गॅरेजातील माणसे आपापल्या गावी असतात आणि अर्धवट राहिलेली गाडी तशीच उभी राहते.

दार कोठून आणायचे, हा प्रश्न किमतीचा नसून गंजाचा आहे. किनाऱ्यालगत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे दार बाहेरून चकचकीत दिसले, तरी खालच्या कडेला, जेथे बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो, तेथे खारट ओल साठून ते आतून पोखरलेले असते. डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात चाललेल्या गाड्यांची तऱ्हा वेगळी आहे: तेथील लाल माती दाराच्या तळाशी असलेल्या पाणी वाहून जाण्याच्या भोकांत घट्ट बसते आणि दार आतल्या आत भिजत राहते. शक्य असेल तर घाटावरचे, बेळगाव किंवा कोल्हापूर बाजूचे दार पाहावे. खिशात लहानसे लोहचुंबक ठेवावे. खालची वीतभर पट्टी त्याने तपासावी आणि जेथे ते धरत नाही, तेथे पुट्टी आहे असे समजून दार तेथेच सोडून यावे. बिजागरीजवळचा पत्रा तडकलेला नाही ना, हेही पाहावे. रंग कोणता आहे याला महत्त्व देऊ नये, कारण दार आपल्या गाडीच्या रंगात रंगवावेच लागते.

आता वायरिंग. या यादीत इतर काही विसरले तरी सावरता येते. हे विसरले तर सावरत नाही आणि मागच्या खेपेस नेमके हेच यादीत नव्हते. दारातून निघणाऱ्या सगळ्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून पिलरमध्ये, म्हणजे दार ज्यावर टांगलेले असते त्या खांबात, जातात आणि बहुधा पायापाशी असलेल्या प्लास्टिकच्या आवरणामागे एका कनेक्टरला जोडलेल्या असतात. ते आवरण काढायला थोडा वेळ लागतो. भंगाराच्या आवारात तो वेळ कोणी काढत नाही. बिजागरीचे बोल्ट सुटले की रबरी नळीजवळ पकड लावून सगळ्या वायरी एकदम कापल्या जातात. म्हणून दाराचा सौदा करतानाच स्पष्ट सांगावे की वायर कापायची नाही. दार काढताना स्वतः उभे राहावे आणि पुन्हा सांगावे. फोनवरून सांगून भागत नाही.

वायर का कापायची नाही, हे सविस्तर लिहितो, कारण जोडून घेऊ म्हणणारे बरेच भेटतात. वेगवेगळ्या सालांत कनेक्टरचा आकार बदललेला असू शकतो, आणि आकार तोच राहून आतल्या पिनांचा क्रम बदललेला असेल तर धोका अधिक, कारण कनेक्टर निमूटपणे बसतो आणि चुकीच्या वायरीत वीज जाते. सेंट्रल लॉकिंगच्या अनेक जुन्या रचनांत चालकाच्या दारातील मोटर पाच वायरींची असते, कारण ती बाकीच्या दारांना इशारा देते. इतर दारांतील मोटर दोन वायरींची असते. विजेवर हलणाऱ्या आरशाच्या वायरी आणखी निराळ्या, आणि साध्या प्रकारच्या गाडीत त्या मुळात नसतातच. दार उघडे असल्याचे दाखवणारा स्विच एका गाडीत पिलरवर असतो, तर दुसरीत लॉकच्या आत. अशा वेळी वायरींच्या रंगांवर विसंबणे मूर्खपणाचे आहे. मल्टिमीटर लावूनच प्रत्येक वायर ओळखावी. आणि कापलेली वायर जोडायची तरी कोठे? रबरी नळीच्या आत ती प्रत्येक वेळी दार उघडताना वाकते, त्यामुळे तेथे डाग दिलेला जोड काही महिन्यांत तुटतो आणि नुसती टेप गुंडाळलेला जोड काचेच्या मोटरच्या प्रवाहाने तापतो. जोड टाळताच येत नसेल, तर तो पिलरच्या आत किंवा दाराच्या आत, जेथे वायर वाकत नाही अशा जागी, तितक्याच जाड वायरीने आणि योग्य फ्यूज ठेवून करावा.

यावरचा खरा उपाय असा की आपल्या जुन्या दारातील संपूर्ण वायरिंग कनेक्टरसकट सुखरूप काढून नव्या दारात बसवावे, म्हणजे गाडीच्या बाजूला हात लावावा लागत नाही. त्यासाठी आपल्या दाराच्या आतल्या पत्र्यावरील भोके आणि क्लिपांच्या जागा आधीच मोजून घ्याव्यात, आतले पॅड, म्हणजे दाराचे आतील आवरण, काढून चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि ती घेऊनच दार पाहायला जावे. आपल्या कनेक्टरचे जवळून काढलेले, पिना मोजता येतील असे छायाचित्र तर हवेच. तरीही त्या दाराचे वायरिंग कनेक्टरपर्यंत अखंड मागून घ्यावे, कारण आपली जुनी वायर काढताना रबराजवळ तडकलेली निघाली, तर दुसरे काहीच हाती नसते. वायर कापू देऊ नये, हे तिसऱ्यांदा लिहीत आहे आणि तिसऱ्यांदाच आवारातील माणसालाही सांगावे.

वायरिंगइतके नसले तरी लॉकही महत्त्वाचे. आपल्या दारातील चावीचा सिलिंडर काढून नव्या दारात घालावा, अन्यथा एका गाडीला दोन चाव्या होतात. मागचे दार असेल तर मुलांसाठीचे कुलूप चालते का, ते पाहावे. काच वर-खाली करणारे मशीन, काच आणि तिचे रबर ही तिन्ही एकाच सालची ठेवावीत. या दाराची काच आणि त्या दाराचे मशीन अशी सरमिसळ केली की काच तिरकी चढते आणि अडकते. आरसा, हँडल, स्पीकर यांची भोके जुळतात का, एवढे पाहणे पुरे. बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेने पाणी अडवणारी रबरी पट्टी, मात्र नवे घ्यावे. जुने दबलेले बीडिंग काटकसर म्हणून ठेवणे म्हणजे पहिल्या मुसळधार पावसात गालिचा भिजवणे.

आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा एक पातळ कागद चिकटवलेला असतो. काचेवरून आत उतरणारे पाणी तो दारातच ठेवतो आणि ते तळाच्या भोकांतून बाहेर जाते. पॅड काढताना हा कागद हमखास फाटतो, आणि कारागीर तो फेकून देतात. जाड प्लास्टिक आणि चिकट ब्युटाइलची पट्टी आधीच आणून ठेवावी. तळाची भोके तारेने मोकळी करावीत, आतून गंजरोधक मेण फवारावे आणि फवारल्यावर भोके पुन्हा बुजली नाहीत ना, ते पाहावे.

बिजागरीच्या बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे, नाहीतर डोके गोल होऊन ड्रिल लावण्याची पाळी येते. बोल्ट सैल करण्यापूर्वी बिजागरीभोवती मार्करने रेघ ओढावी. बिजागरीच्या पिना झिजलेल्या असतील, म्हणजे उघडे दार हाताने उचलल्यावर वर-खाली हलत असेल, तर पिना आणि बुश आताच बदलावेत. दुसऱ्या सालचे दार जड निघाले तर झिजलेली बिजागरी ते पेलत नाही. दार धरायला दुसरा माणूस हवाच, शिवाय खाली जॅक आणि त्यावर गोधडीची घडी. बाकीची हत्यारे गॅरेजात असतातच.

दार बसवण्याच्या दिवशी प्रथम बॅटरीचे ऋण टोक काढावे. रंग आधीच झालेला असावा आणि पुरेसा सुकलेला असावा. दार रेघेवर धरून बोल्ट अर्धे आवळावेत, फट वरपासून खालपर्यंत सारखी करावी आणि त्यानंतरच पिलरवरील, लॉक ज्यात अडकते तो खिळा हलवावा; उलट क्रमाने केले तर दार लागते पण लटकते. मग कनेक्टर. पिना छायाचित्राशी ताडून पाहाव्यात आणि मगच बॅटरी जोडावी. काच, लॉक, आरसा, आतला दिवा, सगळे पॅड लावण्याआधी चालवून पाहावे.

पाण्याच्या नळीने दारावर वरून दहा मिनिटे पाणी सोडावे, आत हात फिरवावा, तळाच्या भोकांतून पाणी येते ना ते पाहावे. नंतर प्लास्टिक, नंतर पॅड. आठवड्याभराने बिजागरीचे बोल्ट पुन्हा आवळावेत. जुने दार तोपर्यंत विकू नये.