खनिजांच्या नकाशात वाळलेल्या गवताचा घोळ
हायपरस्पेक्ट्रल प्रतिमेत, म्हणजे प्रकाशाच्या शेकडो अरुंद पट्ट्यांत टिपलेल्या प्रतिमेत, २३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास शोषणाची खाच (तिथे परत येणारा प्रकाश कमी झालेला) दिसली की लगेच कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्या खनिजाचा, शिक्का मारू नका. वाळलेल्या गवतातलं सेल्युलोज आणि लिग्निनही २३०० च्या पुढेमागे प्रकाश शोषतात. एनडीव्हीआय (हिरवळ मोजणारा निर्देशांक) लावून झाडी वगळली असली तरी ती फक्त हिरवी. वाळलेली त्यातून सहज निसटते. म्हणून आधी २१०० नॅनोमीटरपाशी पाहा. तिथेही रुंद, उथळ खाच असेल तर तो पिक्सेल संशयित धरून बाजूला ठेवा. एनमॅप किंवा प्रिस्मा उपग्रहाचा पिक्सेल ३० मीटरचा, त्यात खडक, माती आणि गवत मिसळलेलं असणारच. विमानातून घेतलेल्या प्रतिमेत हा त्रास कमी होतो, पण पूर्ण जात नाही. केओलिनाइट हे चिकणमातीतलं खनिज मात्र ओळखायला बरंच सरळ: २१६५ आणि २२०५ पाशी जोडखाच.