थिन क्लायंटचा आवाज: सुरुवात हेडफोनपासून करा

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या लॅबमध्ये बारा थिन क्लायंट आहेत, म्हणजे हार्डडिस्क नसलेली, एका मोठ्या मशीनवर (सर्व्हरवर) चालणारी लहान मशीनं. मी मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा आयटीआयवाला. आधी भजनी मंडळांचे अँप्लिफायर आणि भोंगे दुरुस्त करायचो, आता ही लॅब सांभाळतो. पडद्यावर चित्र यायला फार दिवस लागले नाहीत, पण आवाजानं मला पुरा एक पावसाळा झुलवलं. "सर, माह्या कानात कायीच येऊन नाही राह्यलं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी वहीच घातली. तीच वही इथे उतरवतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. थिन क्लायंटवर गाणं लावलं तर ते वाजवणारा प्रोग्राम सर्व्हरवर चालतो, आणि हेडफोन मात्र पोराच्या टेबलावर असतो. म्हणजे आवाज तयार एका ठिकाणी होतो आणि वाजायचा दुसऱ्या ठिकाणी असतो. मधली वाहतूक पल्सऑडिओ नावाचा प्रोग्राम करतो. क्लायंटवर तो ४७१३ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, कान लावून बसतो, आणि सर्व्हरवरचा प्रोग्राम तिथे आवाज पाठवतो. आवाज नाही म्हटलं की सगळे सर्व्हरच्या मागे लागतात. ठिबकचं शेवटचं ड्रीपर चोंदलं म्हणून कोणी विहिरीवरची मोटर खोलत नाही. इथंही शेवटच्या टोकापासून मागे यायचं.

म्हणून पहिल्यांदा हेडफोन मोबाईलला लावून पाहा. हसू नका, आमच्या बारापैकी तीन तक्रारी इथेच मिटल्या. पिन हिरव्या भोकात आहे ना, तेही बघा. गुलाबी भोक माईकचं असतं.

मग क्लायंटच्या पोटात शिरायचं. आमचे क्लायंट एलटीएसपी या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरनं चालतात. सर्व्हरवरच्या टीएफटीपीबूट फोल्डरमध्ये एलटीएसपीचं फोल्डर, आणि त्याच्या आत एलटीएस डॉट कॉन्फ नावाची सेटिंगची फाईल असते. मी सांगतोय ते एलटीएसपीच्या ५ नंबरच्या मालिकेचं. २०१९ साली हे सॉफ्टवेअर नव्यानं लिहिलं गेलं. त्या नव्या रूपात प्रोग्राम टेबलावरच्या मशीनवरच चालतात, त्यामुळे आवाजाची ही सगळी भानगड उरत नाही. जुन्या फाईलमध्ये डिफॉल्ट हे चौकटी कंसातलं शीर्षक असतं. त्याच्या खाली, वर नव्हे, 'स्क्रीन_०२ बरोबर शेल' आणि 'स्क्रीन_०७ बरोबर एलडीएम' अशा दोन ओळी घाला ('बरोबर' म्हणजे = हे चिन्ह; शेल म्हणजे हुकूम लिहायचा पडदा, एलडीएम म्हणजे लॉगिनचा). स्क्रीन हा शब्द कॅपिटल अक्षरांत लिहायचा. क्लायंट पुन्हा सुरू करून कंट्रोल, ऑल्ट, एफ२ दाबलं की काळा पडदा येतो.

तिथे 'एप्ले डॅश एल' लिहून एंटर मारा. साउंड कार्डांची यादी येते. यादीच नसेल तर लिनक्सला कार्ड ओळखू आलेलं नाही, बाकी काही करण्यात अर्थ नाही. यादीत दोन कार्डं दिसली आणि पहिलं एचडीएमआयचं असलं, तर आवाज मॉनिटरकडे जात असण्याची शंका घ्या. मग 'अल्सामिक्सर' चालवा. उभ्या पट्ट्यांखाली दोन एम दिसले तर तो रस्ता बंद आहे. एमचं बटण दाबा, दोन ओ झाले की उघडला. मास्टर, पीसीएम आणि हेडफोन, तिन्ही पाहा. एफ६ दाबून कार्ड बदलता येतं. ऑटो-म्यूट नावाचा पर्याय दिसला तर तोही लक्षात ठेवा: पुढच्या भोकात काही खोचलं की तो मागचं तोंड बंद करतो.

इथे आमच्याकडची खास अडचण. क्लायंटला हार्डडिस्क नाही, म्हणजे मिक्सर नीट करून ठेवलं तरी लाईट गेली की सगळं पाण्यात. आणि लाईट जाणं आमच्याकडे रोजचंच. मी पहिले आठ दिवस रोज बारा ठिकाणी एम दाबत फिरलो. शेवटी कळलं की आवाजाची पातळीसुद्धा एलटीएस डॉट कॉन्फमध्येच लिहायची: व्हॉल्यूम बरोबर ७५, पीसीएम_व्हॉल्यूम बरोबर ८०, माईक लागत असेल तर माईक_व्हॉल्यूमही. डाव्या बाजूची नावं सगळी कॅपिटल अक्षरांत. आणि मुख्य ओळ: साउंड बरोबर ट्रू. तिथे फॉल्स असेल तर बाकीचं कितीही लिहा, क्लायंट मुकाच. काम झालं की शेलची ओळ काढून टाका. तो काळा पडदा पासवर्ड न विचारता मशीनच्या मालकाचे सगळे हक्क देतो, आणि आमची सातवीची पोरं मोठी चौकस आहेत.

आता लॉगिन करून टर्मिनलमध्ये 'पीएक्टल इन्फो' विचारा. उत्तरात सर्व्हरच्या ओळीत त्या क्लायंटचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) आणि ४७१३ आला पाहिजे. नाही आला, तर आवाज सर्व्हरवरच अडकला. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. मशीन बसवून देणाऱ्यानं 'आवाज येत नाही' यावर उपाय म्हणून सगळ्या पोरांना सर्व्हरच्या ऑडिओ ग्रुपात टाकलं, म्हणजे सर्व्हरचं स्वतःचं साउंड कार्ड वापरायची परवानगी दिली. सर्व्हर मुख्याध्यापकांच्या खोलीत. लॅबमध्ये शुकशुकाट, आणि तिकडे पावत्या फाडणाऱ्या बाबूजींच्या मागून पाचवीची कविता! तीही एकाचीच, ज्यानं साउंड कार्ड आधी पकडलं त्याची. त्या ग्रुपातून पोरांना बाहेर काढा. थिन क्लायंटच्या आवाजाला त्याची गरज नसते.

आवाज येतो पण तुटतो, त्याचा हिशेब सोपा आहे. एमपीथ्री फाईल लहान असली तरी सर्व्हर ती उलगडून कच्चा आवाज पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा-उजवा मिळून दोन. म्हणजे एका मशीनला सेकंदाला सुमारे १४ लाख बिट, बाराला साधारण १७ मेगाबिट. शंभर मेगाबिटच्या नेटवर्क स्विचवर हे बसतं, पण पोरांनी पूर्ण पडद्यावर व्हिडिओ लावले की चित्रच लाईन खाऊन टाकतं आणि आवाज खरखरतो. सर्व्हरचं पोर्ट आणि स्विच गिगाबिटचं घ्या. धड्यांचं वाचन मी स्वतः मोनोत रेकॉर्ड करतो, त्यात बोजा थेट निम्मा होतो, आणि बोलण्याला स्टिरिओ हवं कशाला? तपासणीला मात्र खंजिरीचं भजन लावतो. तुटकपणा बोलण्यात लपतो, खंजिरीच्या छनछनीत लगेच पकडला जातो.

राहिली घूं घूं. क्लायंट मोठ्या स्पीकरला जोडला की उन्हाळ्यात ती हटकून येते. मी कार्ड बदललं, वायर बदलली, काही फरक नाही. मे महिन्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दोन बादल्या पाणी ओतलं आणि घूं घूं बसली. कोणी सांगेल की प्लगची तिसरी पिन काढ, आवाज जातो. काढू नका, ती पिन जीव वाचवायला असते.

सात नंबरचं मशीन अजूनही एचडीएमआयकडेच तोंड करतं. त्याला सध्या यूएसबी हेडफोन दिलाय.