जुन्या राउटरने माडीवर वाय-फाय कसं न्यावं

साताऱ्याच्या पेठांमधली जुनी घरं म्हणजे दीड-दोन फुटी दगडी भिंती. फायबरचा डबा खाली सोप्यात, माडीवर मोबाइलला एक दांडी. अशा वेळी जो तो रिपीटर, म्हणजे वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा डबा, घ्यायला सांगतो. घेऊ नका. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्म्यावर येतो. कपाटात पडलेला जुना राउटर काढा आणि त्याच्यापर्यंत तार न्या.

कॅट-६ किंवा कॅट-५ई ही नेटवर्कची तार जिन्याच्या कडेने आतूनच ओढा. गच्चीवरून नेलेल्या तारेतून वळवाच्या विजेचा झटका आला तर दोन्ही डबे जाऊ शकतात.

जुन्या राउटरचं रिसेटचं भोक पिनने दहा-एक सेकंद दाबा आणि तो एकटाच लॅपटॉपला जोडा. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर, मेनूत ॲक्सेस पॉइंट मोड (फक्त वाय-फाय पुरवायचा) असेल तर तोच निवडा, पुढचं बहुतेक काम तो स्वतः करतो. नसेल तर इथे सावकाश चला, कारण मी इथेच अडकलो होतो.

घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला क्रमांक, लागतो. तो राउटरमधलं डीएचसीपी वाटतं, आणि बाहेर पडायचा दरवाजा, म्हणजे गेटवे, कुठला हेही तेच सांगतं. घरात हे वाटप करणारे दोन राउटर झाले की ज्याचं उत्तर आधी येईल त्याचं फोन ऐकतो. जुना राउटर म्हणतो 'दरवाजा मीच', आणि त्याच्यामागे तर इंटरनेटच नाही. करंज्यात ताईच्या घरी माझे दोन दिवस यात गेले. दांड्या पूर्ण, खाली 'इंटरनेट नाही'. भाच्याचा फोन चाले, दाजींचा बंद. थोड्या वेळाने उलटं. कंपनीच्या माणसाला दोनदा उगाच बोलावलं, त्याच्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

म्हणून एका घरात डीएचसीपी एकच. आणि क्रम मोडू नका. आधी जुन्या राउटरचा लॅन आयपी, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा त्याचा स्वतःचा पत्ता, बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य राउटरचं पत्त्यांचं वाटप शेवटच्या आकड्यात २ पासून सुरू होत असेल तर ते १०० पासून करा, नाहीतर तोच पत्ता एखाद्या फोनलाही जाईल. मग नव्या पत्त्यावर लॉगिन करून वाय-फायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर खाली चॅनेल १ असेल तर वर ६ किंवा ११. डीएचसीपी बंद करायचं ते सगळ्यात शेवटी. मी एकदा ते आधी बंद केलं. लॅपटॉपला पत्ताच मिळेना, राउटरचं पान उघडेना, पुन्हा रिसेट करावा लागला.

आता खालून आलेली तार जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅनमध्ये, म्हणजे इंटरनेटची तार लावायच्या पोर्टमध्ये, नको. सेटिंग न बदलता तिथे लावली तरी बहुतेकदा नेट चालतं, म्हणून पुष्कळजण तशीच ठेवतात. पण माडीवर वेगळं नेटवर्क तयार होतं आणि खालच्या टीव्हीला वरचा फोन सापडत नाही.

माडीवर जाऊन फोनच्या वाय-फाय तपशिलात गेटवे पाहा. १९२.१६८.१.१ दिसला तर काम झालं. शेवटी २ दिसत असेल तर जुन्याचं डीएचसीपी अजून चालू आहे.