डॉर्चेस्टरचं जुनं कोर्ट बघायचं तर आरोपीच्या वाटेने

इंग्लंडात लेकी-मुलांकडे राहायला गेलात की लंडन आणि राजवाडे होतातच. एक दिवस डॉर्चेस्टरसाठी काढा. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून वेमथची गाडी धरायची आणि डॉर्चेस्टर साउथला उतरायचं. अडीच-पावणेतीन तास लागतात. तिथून चालत हाय वेस्ट स्ट्रीटवर या. फिकट दगडाची ती सरळसोट इमारत म्हणजे शायर हॉल, डॉर्सेट परगण्याचं जुनं कोर्ट. १७९७ साली थॉमस हार्डविकच्या आराखड्यावर बांधलं, १९५५पर्यंत इथे खटले चालले, २०१८पासून संग्रहालय आहे. तिकीट आणि वेळा निघण्याआधी बघून घ्या.

माझी सगळी नोकरी कोर्टात बेंच क्लार्क म्हणून गेली. तेव्हा एक सांगते, आत शिरल्याशिरल्या कोर्टरूमकडे धावू नका. आधी खाली जा. तळाशी कोठड्या आहेत, तिथे थोडं थांबा. उजेड बेताचा, जागा अडचणीची. पुकारा होईपर्यंत आरोपीने इथेच बसायचं. मग त्याच वाटेने वर या. अरुंद पायऱ्या चढलात की थेट आरोपीच्या पिंजऱ्यात निघता आणि न्यायाधीशाचं उंच आसन एकदम समोर येतं. आमच्याकडे आरोपी व्हरांड्यातून, नातेवाइकांशी दोन शब्द बोलत, पोलिसाबरोबर आत यायचा. इथे त्याला कोणाचं तोंडही दिसायचं नाही. पिंजऱ्यात उभे राहा, रेलिंगवर हात ठेवा आणि वकील, ज्यूरी, न्यायाधीश कुठे बसायचे ते तिथूनच बघा. फोटो नंतर.

आता एकच खटला डोक्यात घोळवा, म्हणजे त्या लाकडी बाकांना अर्थ येईल. तो मार्च १८३४चा. शेजारच्या टॉलपडल गावचे सहा शेतमजूर: जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे भाऊ, थॉमस स्टँडफील्ड आणि त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन, जेम्स हॅमेट. आठवड्याची मजुरी नऊ शिलिंगांवरून आठ, मग सात झाली आणि सहा करू म्हणून मालकांनी सांगितलं. यांनी संघटना केली. संघटना करणं तेव्हा गुन्हा नव्हता, म्हणून पकडलं गुप्त शपथ दिल्याबद्दल. त्यासाठी वापरलेला कायदा नौदलातल्या बंडाच्या वेळचा, म्हणजे १७९७चाच. इमारत आणि कायदा एका वयाचे!

फिर्यादीमागे उभा होता जमीनदार मॅजिस्ट्रेट जेम्स फ्रॅम्प्टन, आणि खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या ज्यूरीतही तोच बसला होता. आमच्या कोर्टात असं झालं असतं तर वकिलांनी छप्पर डोक्यावर घेतलं असतं. जॉर्जने न्यायाधीशाला लेखी निवेदन दिलं: आम्ही कोणाच्या अब्रूला, अंगाला वा मालमत्तेला धक्का लावलेला नाही, बायकापोरांची उपासमार टाळायला एकत्र आलो. निकाल सात वर्षं हद्दपारीचा. आपल्याकडच्या काळ्या पाण्यासारखंच, फक्त अंदमानाऐवजी ऑस्ट्रेलियाला. जॉर्ज टास्मानियाला गेला, बाकीचे न्यू साउथ वेल्सला. त्या वर्षी एप्रिलमध्ये लंडनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, अर्जांवर अर्ज झाले आणि १८३६ साली सगळ्यांना माफी मिळाली.

मला त्यातला हॅमेट जास्त लक्षात राहिला. शपथेच्या रात्री तो तिथे नव्हताच, त्याचा भाऊ होता, असं सांगतात. हा गप्प राहिला. बाकीचे पाच जण पुढे कॅनडात जाऊन स्थायिक झाले, हा एकटा टॉलपडलला परतला आणि १८९१ साली डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रमात, वारला.

वर आलात की बाकीचे फलक भराभर वाचलेत तरी चालेल. या प्रसिद्ध सहांपेक्षा नावाची कोणाला आठवण नसलेले गरीब आरोपीच इथे कितीतरी जास्त आले असणार, हे ध्यानात ठेवा म्हणजे झालं. गावचा मोठा तुरुंग वेगळा, नॉर्थ स्क्वेअरपाशी नदीच्या अंगाला. तो २०१३ साली बंद झाला.

दुपारी वेळ उरला तर टॉलपडल करा. अंतर अकरा-बारा किलोमीटर. अटकेनंतर सहाही जणांना तेवढं चालवत आणलं होतं. तुम्ही बस किंवा टॅक्सी घ्या. १९३४ साली कामगार संघटनांनी त्यांच्या आठवणीत सहा लहान घरं बांधली, तिथे आता छोटं संग्रहालय आहे. चर्चच्या आवारात हॅमेटची कबर आहे. गावच्या मोकळ्या जागेत सिकमोरचं जुनं झाड आहे, त्याखाली हे मजूर जमायचे म्हणतात. गर्दी नको असेल तर जुलैचा मधला काळ टाळा. तेव्हा कामगार संघटनांची जत्रा भरते, बँड आणि झेंडे घेऊन लोक येतात. तुम्हाला मोर्चे आवडत असतील तर मात्र मुद्दाम तेव्हाच जा, आणि गाडीचं तिकीट आधीच काढा.