८०८५च्या किटवर थेट यंत्रभाषेत प्रोग्रॅम भरण्यापूर्वी

८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या ट्रेनर किटवर (शिकण्यासाठीच्या बोर्डवर) मी पहिल्यांदा ऑपकोड (प्रत्येक आज्ञेचा सांकेतिक आकडा) हाताने शोधून पाच संख्यांच्या बेरजेचा प्रोग्रॅम भरला. ०१ ते ०५ यांची बेरीज षोडशमान (सोळा अंकांच्या) पद्धतीत ०एफ, म्हणजे १५, यायला हवी होती, पण डिस्प्लेवर ०५ आले आणि प्रात्यक्षिकाचा सगळा वेळ कारण शोधण्यात गेला. तसे पुन्हा घडू नये म्हणून ही तयारी लिहीत आहे.

ऑपकोडचा तक्ता आणि कागद लागतोच. वापरायला मोकळी रॅम कोणत्या पत्त्यापासून सुरू होते, हे किटच्या पुस्तिकेत आधी पाहावे. माझ्या किटवर ती २००० पासून होती, पण प्रत्येक किटवर तशी असेलच असे नाही, आणि रॉमच्या जागेत भरलेला बाइट टिकत नाही.

कागदावर पत्ता, बाइट आणि आज्ञा असे तीन रकाने आखावेत आणि पत्त्यांचा रकाना पेन्सिलीनेच भरावा. ८०८५ची आज्ञा एक, दोन किंवा तीन बाइटची असते, त्यामुळे पुढच्या आज्ञेचा पत्ता अंदाजाने न लिहिता बाइट मोजूनच लिहावा. माझ्या प्रोग्रॅममध्ये २००० वर २१ ५० २० (आकडे २०५० पासून ठेवले आहेत), २००३ वर ०ई ०५ (पाच फेऱ्या), आणि त्यानंतर लगेच २००५ वर ८६, म्हणजे अक्युम्युलेटरमध्ये (प्रोसेसरमधल्या ज्या जागेत बेरीज साठत जाते तिथे) मिळवण्याची आज्ञा होती. फेरीच्या शेवटची उडी, म्हणजे मागे जाऊन पुढची फेरी सुरू करण्याची आज्ञा, साहजिकच २००५ वर होती. मग लक्षात आले की अक्युम्युलेटर शून्य करायचा राहिला आहे, म्हणून मी २००५ वर एएफ घातला आणि बाकीचे बाइट एकेक घर पुढे सरकवले.

उडीचा पत्ता मात्र मी बदलला नाही. बेरीज २००६ वर सरकली होती आणि उडी अजून २००५ वरच जात होती. परिणामी प्रत्येक फेरीत अक्युम्युलेटर पुन्हा शून्य होत होता आणि शेवटी फक्त शेवटचा आकडा उरत होता. म्हणून मध्ये एक बाइट जरी घातला किंवा काढला, तरी पत्त्यांचा संपूर्ण रकाना पुन्हा लिहावा आणि प्रत्येक उडीपुढचा पत्ता त्या रकान्याशी ताडून पाहावा. असेंब्लरमध्ये (आज्ञा यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आपण पत्त्याऐवजी नुसते लेबल, म्हणजे एक नाव, लिहितो आणि हा हिशेब तो करतो. इथे तो आपणच करायचा असतो, आणि चुकीची उडी मारतानाही प्रोसेसर कोणतीही तक्रार करत नाही. एकच बाइट घातला आहे, काय बिघडणार, असे मनात येईल. तरीही उडी तपासावी. घाई असेल तर अधिकच तपासावी.

चाचणीचे आकडे फेऱ्यांच्या संख्येपेक्षा वेगळे घ्यावेत. माझा शेवटचा आकडा आणि फेऱ्यांची संख्या दोन्ही ०५ असल्यामुळे, मोजणीचे रजिस्टरच (प्रोसेसरमधली फेऱ्या मोजणारी जागा) चुकून साठवले जात आहे असे समजून मी बराच वेळ भलतीकडेच शोध घेतला. बेरीज एफएफच्या, म्हणजे एका बाइटमध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या संख्येच्या, पुढे जाणार नाही असेच आकडे घ्यावेत, कारण या प्रोग्रॅममध्ये हातचा कुठेही साठवलेला नाही.

भरताना पत्त्याचा खालचा बाइट आधी येतो: २००६ वरची उडी सी२ ०६ २० अशी लिहावी. बी आणि ६ डिस्प्लेवर जवळपास सारखेच दिसतात. फक्त ६ ला वरची आडवी रेघ असते. भरून झाल्यावर सुरुवातीपासून सर्व बाइट वाचून पाहावेत. शेवटी ७६, म्हणजे थांबण्याची आज्ञा, हवे. वीज गेली तर सगळे पुन्हा भरावे लागते, म्हणून कागद जपून ठेवावा.

चालवून झाल्यावर ३२ ६० २० ने साठवलेले उत्तर २०६० वर पाहावे. ते चुकले असेल तर इतर काहीही बदलण्याआधी सी२ पुढचे दोन बाइट पाहावेत.