मॉडेल रेल्वेचं स्केल: आधी बाजार बघा, मग जागा

‘आधी जागा मोजा, मग स्केल ठरवा’ हा सल्ला मीही ऐकला होता. सोलापुरात गच्चीवरच्या खोलीत चार बाय अडीच फुटांची प्लायवूडची फळी बसत होती, म्हणून एन स्केल, म्हणजे १:१६० (खऱ्या गाडीच्या एकशेसाठाव्या भागाएवढं), घेतलं. रूळ छान, इंजिन छान. मग सिद्धेश्वर एक्सप्रेसचे डबे शोधायला लागलो आणि वर्षभर शोधतच राहिलो. शेवटी जपानी गाडी फिरवली. फळी काय, सुतार आणखी एक जोडून देतो. डबे कुठून जोडणार?

१. कुठली गाडी चालवायची ते एका ओळीत लिहा. आपली ब्रॉडगेज हवी असेल तर एचओ, १:८७. भारतीय इंजिनं-डबे तयार मिळतात ते बहुतेक याच मापात. पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे डोळ्यांनी बघून या. जपानी गाड्या आवडत असतील तर एन खुशाल घ्या. टीटी, १:१२०, मला फार आवडतं. पण हॉर्नबीने २०२२मध्ये ते आणलं ते ब्रिटिश गाड्यांसाठी. आपल्या कामाचं नाही.

२. इंजिन बाजूला ठेवून यादी करा: सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे), चाकं, कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारं), रेल जॉइनर. हे सुटं मिळत नसेल तर ते स्केल सोडा. स्टेशन, सिग्नल केबिन यादीत धरू नका, ती पुठ्ठ्याची घरीच होतात.

३. आता खरी गोम: एचओ आणि ओओ ही दोन मापं. दोन्हींच्या रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटरच, त्यामुळे दुकानदार बिनधास्त सांगतो, ‘साहेब, एकच आहे, धावतं.’ धावतंच! मीही स्वस्तात मिळाले म्हणून ओओचे चार जुने डबे आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं आणली. ओओ म्हणजे १:७६. साडेपाच फुटांचा माणूस एचओत १९ मिलिमीटर, ओओत २२. तीन मिलिमीटरने काय होतंय असं वाटतं ना? माझा ओओचा हमाल एचओ डब्याच्या दारातून आत जाऊ शकत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे कपलिंग. ओओच्या डब्यांना मोठा हूक, माझ्या एचओ इंजिनाला वेगळाच. रुळावर सगळे उभे, पण एकमेकांचा हात धरायला कुणी तयार नाही. जुना माल घेणार असाल तर खोक्यावरचं माप वाचा, आणि खोकं नसेल तर घेऊ नका.

आणखी एक शहाणपणा कानावर येईल. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओत रूळ १९ मिलिमीटरचा हवा, १६.५ हा परदेशातल्या १४३५च्या गेजचा. हिशोब बरोबर आहे. तरी १९च्या नादी लागू नका. सांधे स्वतः घडवावे लागतील, प्रत्येक चाकाचा आस बदलावा लागेल, आणि गाडी काही धावणार नाही. अडीच मिलिमीटर गिळा.

४. जमिनीवर खडूने वळण काढा. एलएचबी डबा, म्हणजे आपल्या एक्सप्रेस गाड्यांचा नव्या धाटणीचा डबा, साडेतेवीस मीटरचा, एचओत २७ सेंटिमीटर. सेटमधल्या १८ इंची त्रिज्येच्या वळणावर तो बाहेर लोंबतो, बघवत नाही. इंजिन आणि पाच डबे म्हणजे एक मीटर साठ सेंटिमीटर. जागा मोजायची ती इथे, आणि गाडी मावत नसेल तर डबे कमी करा, स्केल नको.

५. पहिली खरेदी: एक इंजिन, दोन डबे, थोडा रूळ, एक सांधा. बास. (आणि वरून सोलापुरी चादर टाकायची, नाहीतर आपल्याकडची धूळ चाकांत बसते.)

माझा एनचा रूळ वाया गेला नाही. बार्शी लाइट रेल्वे, १८९७मध्ये सुरू झालेली, अडीच फुटी गेजची. ७६२ मिलिमीटरला ८७ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि एनचा रूळ नऊचा. जपानी इंजिनाचं वरचं खोकं काढलं, त्या चाकांवर एचओच्या मापाचं पुठ्ठ्याचं बार्शीचं इंजिन चढवलं. एनचे स्लीपर फार दाट दिसतात, ते खडीखाली पुरले. आता माझ्या फळीवरच्या कुर्डुवाडीच्या प्लॅटफॉर्मच्या एका बाजूला ब्रॉडगेज उभी असते, दुसऱ्या बाजूला ही. घरात ‘ही कुठली?’ असं कुणी विचारत नाही.