उकळत्या वर्टमध्ये फायनिंग कसं वापरावं: गोळी एक, बर्फ भरपूर

वर्ट म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या जवाचा) गोड काढा, त्याचीच पुढे बिअर होते. ते उकळायला लागून पाऊण तास झाला की पातेल्यात एकदा नीट डोकावून बघा. ढवळल्यावर द्रवात पांढुरक्या चिंध्या फिरताना दिसतात, फाटलेल्या दुधासारख्या. ही जवातली प्रथिनं. उष्णतेने ती गोळा होतात, पण सगळी नाही. जी बारीक राहतात, ती पुढे बिअर गार झाली की माल्टच्या सालीतल्या आणि हॉप्स या कडू फुलांमधल्या पॉलिफेनॉल नावाच्या तुरट द्रव्यांना चिकटतात आणि ग्लासात धुकं दिसतं. फ्रिजमध्ये गढूळ आणि जरा बाहेर ठेवली की स्वच्छ, असं होत असेल तर कारण हेच. उकळताना घालायचं फायनिंग ही बारीक प्रथिनं पकडून तळाशी नेतं.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. ‘घरच्यापुरतीच केली’ ही सबब चालत नाही. त्यामुळे पुण्यात बसून हे वाचणाऱ्याने यीस्टच्या अलीकडेच थांबायचं. तेवढ्यातही करण्यासारखं बरंच आहे. यीस्ट पडेपर्यंत वर्ट म्हणजे माल्टचा गोड-कडवट काढा. त्यात अल्कोहोल नसतं, गार करून सोडा घातला की मजेत पिता येतो, आणि फायनिंगचा सगळा खेळ याच टप्प्यात संपतो. त्यापुढचं काम म्युनिक नाहीतर मेलबर्नला असलेल्या भावंडांचं, तिथे घरगुती ब्रूइंगला मुभा आहे.

काय घ्यायचं?

दोनच पर्याय लक्षात ठेवा. एक, आयरिश मॉस. हे अटलांटिकच्या किनाऱ्यावर मिळणारं तांबडं समुद्री शेवाळ, वाळवून चुरा केलेलं. दुसरा, त्याच जातीच्या शेवाळांतून काढलेल्या कॅरागीननच्या गोळ्या. व्हर्लफ्लॉक आणि प्रोटाफ्लॉक ही त्यातली नेहमीची नावं. माझं मत विचाराल तर गोळी. शेवाळाचा चुरा स्वस्त पडतो, पण त्याचा जोर पुडीगणिक बदलतो.

आपल्याकडे गढूळ म्हटलं की कोणीतरी तुरटी सुचवणारच. ती इथे चालत नाही. पाण्यातल्या मातीच्या कणांवर ऋणभार असतो आणि तुरटीतलं ॲल्युमिनियम धनभारित, म्हणून तिथे जमतं. वर्टमध्ये जी प्रथिनं पकडायची ती धनभारित असतात; त्यांना ऋणभारित कॅरागीननच लागतं. चायना ग्रासही शेवाळाचंच, पण त्यावर कॅरागीननइतका भार नसतो, त्यामुळे त्यावर भिस्त ठेवू नका. शाकाहारी मंडळींसाठी आणखी एक: बिअर आंबल्यानंतर वापरतात ते जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं आणि आयसिंगग्लास माशाच्या पिशवीतून. उकळताना घालायची ही फायनिंग मात्र निव्वळ वनस्पतिजन्य. गोळीतला कॅरागीनन तुम्ही आइस्क्रीममधून आधीच खाल्लेला असेल. पाकिटावर तो ४०७ या क्रमांकाने लिहितात.

कधी आणि किती?

हिशेब २० लिटर वर्टचा धरू. गोळी असेल तर साधारण एक, आणि गॅस बंद करायला १० मिनिटं उरली असताना. १० लिटरला सुरीने अर्धी करा. आयरिश मॉसचा चुरा असेल तर ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. तो वाटीभर गार पाण्यात २० मिनिटं भिजवा आणि शेवटची १५ मिनिटं उरली असताना पाण्यासकट ओता. कोरडा टाकला तर बराचसा नुसताच तरंगत राहतो. पुडीवर वेगळं प्रमाण लिहिलं असेल तर पुडीचं ऐका.

सुरुवातीलाच टाकून तासभर उकळू नका, कॅरागीननची साखळी तुटत जाते. गॅस बंद केल्यावर टाकणंही नको, नीट विरघळून सगळीकडे पसरायला खळखळ लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गोळीला त्याने काही फरक पडत नाही.

आणि हात आखडता ठेवा. जास्त घातलं म्हणून जास्त नितळ होत नाही. उलट तळाशी घट्ट थर बसण्याऐवजी कापसासारखा फुगीर गाळ साचतो, आणि त्यात दोन-तीन लिटर चांगला माल अडकून बसतो.

नेमकं प्रमाण ठरवायचं असेल तर एक दुपार काढा. एक गोळी २५० मिलिलिटर गरम पाण्यात विरघळवा. हे पाणी गरमच वापरा, गार झालं की चिकट होतं. चार छोट्या पातेल्यांत एकाच वर्टचं एकेक लिटर घ्या. एकात काही घालू नका. बाकीच्यांत मेडिकलमधल्या सिरिंजने मोजून ६, १२ आणि १८ मिलिलिटर घाला. एका गोळीला २० लिटर हे प्रमाण लिटरमागे साडेबारा मिलिलिटर पडतं. पाच मिनिटं उकळा, पातेली गार पाण्यात बसवा, मग काचेच्या बरण्यांत ओतून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बरणीमागे छापील कागद धरा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत अक्षरं स्वच्छ वाचता येतात आणि गाळ खाली दबून बसलेला आहे, ती तुमची मात्रा. माल्ट बदलला की पुन्हा तपासा.

खरं काम गार करण्यात

गोळी टाकली आणि निश्चिंत झालो, असं होत नाही. कॅरागीनन गरम वर्टमध्ये नुसता विरघळून असतो. वर्ट थंड होऊ लागलं की तो आवळतो आणि प्रथिनांचे गठ्ठे बांधतो. म्हणून झटकन गार करणं हे निम्म्याहून जास्त काम आहे, आणि पुण्यात घोडं इथेच अडतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला कोमट लागतं. त्याने वर्ट ४० अंशांपर्यंत उतरेल, पुढे रेंगाळेल.

उपाय दोन टप्प्यांचा. तांब्याच्या नळीचं वेटोळं घ्या. नळी एसी-फ्रिजच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते. गोळी टाकली की लगेच तेही वर्टमध्ये सोडा, म्हणजे शेवटच्या १० मिनिटांत निर्जंतुक होतं. वेटोळ्याने उकळी बसते, ती परत येऊ द्या आणि १० मिनिटं तिथून मोजा. गॅस बंद केल्यावर आधी नळाचं पाणी फिरवा. ४० अंशांच्या खाली बादलीत बर्फ आणि पाणी घेऊन कूलरचा छोटा पंप लावा (तपकीर गल्लीत सहज मिळतो) आणि तेच पाणी फिरवत राहा. नळाचं पहिलं उकळतं पाणी मोरीत सोडू नका. बादलीत धरलं तर तेवढ्यात सगळी भांडी धुऊन होतात.

२० अंशांच्या आसपास आलं की स्वच्छ पळीने एकाच दिशेने गोल ढवळा, झाकण ठेवा आणि अर्धा तास हात लावू नका. एका ग्लासात थोडं काढून उजेडात धरा. मोठे गठ्ठे खाली सरकताहेत आणि त्यांच्या मधलं वर्ट झळझळीत आहे, असं दिसलं की जमलं. गठ्ठे आहेत पण मधलं वर्टही दुधाळ आहे, तर मात्रा कमी पडली किंवा गार व्हायला वेळ लागला. मग सायफनने वरचं नितळ काढून घ्या. नळी तोंडाने ओढू नका.

फायनिंगच्या हाताबाहेरचं गढूळपण

मॅशमध्ये, म्हणजे गरम पाण्यात भिजत ठेवलेल्या माल्टमध्ये, स्टार्च राहिला असेल तर कुठलीही गोळी उपयोगाची नाही. उकळण्याआधी चमचाभर वर्ट पांढऱ्या बशीत घेऊन टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळंकाळं झालं तर मॅश अजून काही वेळ तसाच राहू द्या, आणि बशीतलं फेकून द्या. यीस्टमुळे येणारा गढूळपणाही याने जात नाही. त्याला आंबणं पुरतं संपल्यावर काही दिवस २ ते ४ अंशांची थंडीच लागते.

गव्हाच्या बिअरला हे काही करू नका. २००९ मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाल्यापासून पुणेकरांना जी धूसर पिवळी बिअर ओळखीची झाली, तिचं धुकं हे तिचं रूप आहे.

उरलेला गाळ ओल्या कचऱ्यात जाऊ द्या, पण डब्याला झाकण हवं. हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात, आणि माल्टच्या गोड वासाने सोसायटीतली कुत्री लगेच येतात.